दंड भरून ‘मोकळे’ होण्यापूर्वी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. सल्ला चांगला आहे. पण तो पाळणे नेहमी शहाण्याच्या हाती असतेच असे नाही. ज्याने जन्मात कोणाला बोट लावले नाही, अशा माणसाच्या दारातही एखाद्या सकाळी पोलीस शिपाई समन्सचा कागद घेऊन उभा राहतो. त्या कागदावर ‘गोवा राज्य विरुद्ध’ या शब्दांपुढे आपले नाव पाहून घरातल्या कर्त्या माणसाच्या पायांखालची जमीन सरकते. भांडण झालेले असते शेजाऱ्याशी, आणि विरुद्ध उभे राहिलेले असते अख्खे राज्य! खाली इंग्रजीत चार आकडे असतात. ते आकडे म्हणजे कलमे, एवढेच त्याला कळते. कोणते कलम कशाचे, त्याला शिक्षा किती, जामीन मिळतो की नाही, यातले काहीही त्याला ठाऊक नसते. आणि ठाऊक नसते म्हणूनच तो घाबरतो.

मग फोंड्याच्या, डिचोलीच्या किंवा केप्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात त्याला हमखास एक हितचिंतक भेटतो. तो म्हणतो, “कशाला वर्षानुवर्षे तारखांना हेलपाटे घालतोस? गुन्हा कबूल करून टाक. हजार-दोन हजार दंड होईल, तो भर आणि मोकळा हो.” या एका वाक्याने सामान्य कुटुंबांतल्या तरुणांचे जेवढे नुकसान केले आहे, तेवढे एखाद्या कडक कायद्यानेही केले नसेल, असे आमचे मत आहे. कारण दंड ही फी नव्हे. दंड ही शिक्षा आहे, आणि दोषी ठरल्यावाचून शिक्षा होत नाही. दंड भरून बाहेर पडणारा माणूस मोकळा झालेला नसतो. तो दोषसिद्ध गुन्हेगार होऊन बाहेर पडलेला असतो. हे त्याला त्या दिवशी कळत नाही. पुढे सरकारी नोकरीचा अर्ज भरताना, पासपोर्टसाठी पडताळणी होताना किंवा आखातात अगर बोटीवर जाण्यासाठी पोलिसांचा दाखला मागताना कळते, आणि तेव्हा वेळ निघून गेलेली असते.

कायद्याचे तिसरे पुस्तक

आपल्या या भूमीने साठ-पासष्ट वर्षांच्या अवधीत फौजदारी कायद्याची तीन पुस्तके पाहिली. पहिले पोर्तुगीजांचे, १८८६ सालच्या दंडसंहितेचे. ज्यांच्या वाट्याला त्या राजवटीचे लष्करी न्यायालय आले, त्यांची कथा तर निराळीच. १९४६ साली त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांना अशाच न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा ठोठावून पोर्तुगालातील पेनिशच्या किल्ल्यात धाडले. मोहन रानडे यांना १९५५ साली पकडले, आणि गोवा मुक्त होऊन सात वर्षे उलटली तरी ते पोर्तुगालच्याच तुरुंगात होते. त्यांची सुटका १९६९ साली झाली. आग्वादच्या भिंतींना विचारा, त्या असे कितीतरी सांगतील. ‘माझा गुन्हा काय आणि कोणत्या कायद्याखाली?’ हा प्रश्न विचारण्याचीच तिथे चोरी होती.

१९६१ च्या डिसेंबरात मुक्ती आली, १९६२ च्या रेग्युलेशनने भारतीय दंड संहिता गोव्याला लागू करण्याची तरतूद झाली आणि दुसरे पुस्तक हाती आले. लग्न, वारसा, मालमत्ता या बाबतींत पोर्तुगीज सिव्हिल कोडचा वारसा आपल्याकडे राहिला. त्यामुळे ‘आमच्याकडे कायदा वेगळा’ असे कित्येकांना आजही वाटते. दिवाणी बाबतीत ते बऱ्याच अंशी खरे आहे, फौजदारीत मुळीच नाही.

तिसरे पुस्तक १ जुलै २०२४ रोजी आले. त्या दिवसापासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुराव्याच्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. जुन्या दंड संहितेत ५११ कलमे होती, नव्या न्याय संहितेत ३५८ आहेत. गुन्हे बहुतेक तेच राहिले, पण आकडे सगळे हलले. खून म्हणजे ३०२ हे पोरासोरांनाही पाठ होते. तो आता १०३ झाला. लबाड माणसाला ‘चारसोबीस’ म्हणण्याची आपली जुनी सवय. तो चारसोबीस आता ३१८ च्या चौथ्या पोटकलमात जाऊन बसला आहे. चोरीचे ३७९ होते ते ३०३ झाले, नवऱ्याने व सासरच्यांनी केलेल्या छळाचे ४९८-अ होते ते ८५ झाले. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्याला मात्र जुनेच कलम लागते. सबब आज एकाच कोर्टात, एकाच दिवशी, एकाच प्रकारच्या गुन्ह्यासाठी दोन आरोपींवर दोन वेगळे आकडे असू शकतात. अशा वेळी सामान्य माणूस गोंधळला तर दोष त्याचा नव्हे.

कागद वाचावा कसा?

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, कुळागराच्या बांधावरून दोन शेजाऱ्यांत जुंपली. एकाने वाट अडवली, दुसऱ्याने आईवरून शिवी दिली, धक्काबुक्की झाली, ‘तुला बघून घेतो’ अशी धमकी झाली, आणि प्रकरण पोलिसांत गेले. कागदावर कलमे आली : १२६(२), ११५(२), ३५२, ३५१(२) सह ३(५). पाच आकडे पाहून म्हाताऱ्या आईला वाटते, मुलगा आता दहा वर्षांसाठी गेला. प्रत्यक्षात काय आहे?

१२६(२) म्हणजे वाट अडवणे. त्याला जास्तीत जास्त एक महिना साधी कैद, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ११५(२) म्हणजे साधी दुखापत. त्याला एक वर्षापर्यंत कैद, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ३५२ म्हणजे भांडण पेटावे म्हणून हेतुपुरस्सर केलेला अपमान आणि ३५१(२) म्हणजे धमकी. या दोहोंना प्रत्येकी दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. आणि ते ३(५) हा स्वतंत्र गुन्हाच नव्हे. जुन्या कायद्यातले कलम ३४ ते हेच : अनेकांनी समान इराद्याने कृत्य केले असेल तर प्रत्येकजण जबाबदार, एवढाच त्याचा अर्थ. घरातल्या भावाचे, मेहुण्याचे नाव कागदात कसे आले याचे उत्तर बहुधा या आकड्यात असते.

हे चारही गुन्हे जामीनपात्र आहेत. म्हणजे जामीन ही पोलिसांची मेहेरबानी नव्हे, तो आरोपीचा हक्क आहे. जामीनदार आणण्याची ऐपत नसलेल्या गरिबाला जातमुचलक्यावर सोडण्याचीही तरतूद आहे. यांतले साध्या दुखापतीचे कलम एकटे असते तर तो गुन्हा अदखलपात्र ठरला असता. पोलीस नोंद करून घेतात, फिर्यादीला दंडाधिकाऱ्याकडे जायला सांगतात आणि दंडाधिकाऱ्याच्या हुकुमावाचून तपास करीत नाहीत. परंतु वाट अडवणे हा गुन्हा शिक्षेने लहान असूनही दखलपात्र आहे, आणि अनेकांपैकी एक गुन्हा दखलपात्र असला की सगळे प्रकरण दखलपात्र होते. म्हणून पोलीस तपासाला लागले.

आता त्याच भांडणात एकाचे हाड मोडले असे धरा. कायद्याच्या लेखी हाड किंवा दात मोडणे ही ‘जबर दुखापत’. कलम ११७(२), शिक्षा सात वर्षांपर्यंत. कोयत्यासारख्या हत्याराने केलेली साधी दुखापतही ११८(१) मध्ये जाऊन तीन वर्षांपर्यंत कैदेला किंवा वीस हजारांपर्यंत दंडाला पात्र होते; आणि हत्याराने जबर दुखापत झाली तर ११८(२) नुसार एक वर्षाहून कमी नाही, दहा वर्षांपर्यंत, प्रसंगी जन्मठेप. भांडण एक, बांध एक, माणसे तीच. पण डॉक्टरच्या दाखल्यातल्या एका शब्दाने महिन्याचे मोजमाप वर्षांवर जाते. म्हणून कागद हाती येताच तीन गोष्टी विचारायच्या : कोणते कलम, जामीनपात्र की अजामीनपात्र, आणि जास्तीत जास्त शिक्षा किती? वकिलाने या तीन प्रश्नांची उत्तरे दोन मिनिटांत द्यावीत. न दिली तर पुन्हा विचारावे. त्यात संकोच कसला?

‘पर्यंत’ आणि ‘हून कमी नाही’

शिक्षेच्या कलमांत दोन शब्दप्रयोग असतात आणि त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ‘सात वर्षांपर्यंत’ म्हणजे सात वर्षे ही कमाल मर्यादा; न्यायाधीश एक दिवसही देऊ शकतो, आणि ‘किंवा दंड’ असेल तर कैद न देता नुसता दंडही करू शकतो. ‘दहा वर्षांहून कमी नाही’ म्हणजे खालची मर्यादा बांधलेली. तिथे न्यायाधीशाचेही हात बांधलेले. बलात्काराच्या गुन्ह्याला अशी दहा वर्षांची किमान मर्यादा आहे. ‘किंवा’ आणि ‘आणि’ यांतही तसाच फरक. ‘कैद किंवा दंड’ वेगळे, ‘कैद आणि दंड’ वेगळे.

गोव्याच्या किनाऱ्यावर जिची चर्चा रोज होते त्या अमली पदार्थांच्या कायद्यात शिक्षा वजनावर ठरते. गांजा एक किलोपर्यंत असला तर ‘अल्प प्रमाण’ : एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वीस किलोहून अधिक असला तर ‘व्यापारी प्रमाण’ : दहा वर्षांहून कमी नाही, वीस वर्षांपर्यंत, शिवाय एक ते दोन लाखांचा दंड, आणि जामीनही अत्यंत अवघड. मधल्या प्रमाणाला दहा वर्षांपर्यंत आणि एक लाखापर्यंत दंड. चरस असेल तर हीच मोजमापे शंभर ग्रॅम आणि एक किलो अशी होतात. शिवाय या कायद्यात माल जवळ सापडला की आरोपीला तो कसा आला याचा खुलासा द्यावा लागतो. ‘मित्राची बॅग होती, मी फक्त धरली’ हे सांगणे सोपे, सिद्ध करणे कठीण. मुलांना हे आधी सांगणारे घर शहाणे.

वाहनाच्या बाबतीतही तेच. दारू पिऊन गाडी चालवताना पहिल्यांदा सापडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘पोलिसाने नुसता दंड केला’ असे ज्याला आपण म्हणतो तो तुरुंगाचा गुन्हा आहे. आणि कौतुकाने पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती स्कूटरची किल्ली देणाऱ्या बापाने हेही ऐकून ठेवावे, की त्या मुलाने गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही.

शिक्षेविषयी आपल्याकडे भाकडकथाही पुष्कळ. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, आणि तुरुंगात दिवस आणि रात्र वेगवेगळे मोजतात म्हणून सात वर्षांत सुटका, असे पारावर बसून छातीठोकपणे सांगणारे लोक आम्ही पाहिले आहेत. दोन्ही खोटे. जन्मठेप म्हणजे उरलेले सगळे आयुष्य. चौदा वर्षांचा आकडा आला कुठून? ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते अशा गुन्ह्यात जन्मठेप झाली, तर शिक्षेत सूट देऊन सोडायचे झाले तरी चौदा वर्षे तुरुंगात काढल्यावाचून सोडता येत नाही, असे बंधन आहे. तो सुटकेचा हक्क नव्हे. आणि तुरुंगातला दिवस बाहेरच्यासारखाच चोवीस तासांचा असतो. मात्र एक गोष्ट खरी आहे : खटला चालू असताना कच्चा कैदी म्हणून काढलेले दिवस पुढे झालेल्या कैदेतून वजा होतात.

नव्या संहितेने शिक्षेचा एक नवा प्रकार आणला आहे, समाजसेवेचा. पाच हजारांहून कमी किमतीची पहिलीच चोरी असून माल परत केला असेल, दारूच्या नशेत चारचौघांत गैरवर्तन केले असेल किंवा बदनामीचा गुन्हा असेल, अशा मोजक्या बाबतींत ही शिक्षा देता येते. तुरुंगात घालून पोराला पक्का गुन्हेगार बनवण्यापेक्षा हे बरे, यात शंका नाही. पण तीही शिक्षाच, आणि तीही दोषी ठरल्यावरच. हे विसरू नये.

अटकेच्या वेळी

सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी यांत्रिकपणे अटक करू नये, अटक का आवश्यक आहे याची कारणे नोंदवावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बजावले. अटक आवश्यक नसेल तेव्हा हजर राहण्याची नोटीस द्यायची असते. ती आली तर मात्र गैरहजर राहू नये. नोटीस न पाळणे हेच पुढे अटकेचे कारण होऊ शकते. तीन वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठ वर्षांवरील किंवा आजारी माणसाला उपअधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून अटक करता येत नाही, अशी तरतूद नव्या कायद्यात आहे.

अटक झालीच तर चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे, नातेवाइकाला कळवले पाहिजे, वकिलाला भेटू दिले पाहिजे. अटकेची कारणे सांगणे हा घटनेच्या बाविसाव्या कलमातला हक्क आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात, महाराष्ट्रातून आलेल्या एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की ही कारणे लेखी आणि अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत दिली पाहिजेत. तात्काळ लेखी देणे शक्य नसेल तर तोंडी सांगून, रिमांडसाठी उभे करण्यापूर्वी किमान दोन तास आधी लेखी द्यावीत. ‘समजणाऱ्या भाषेत’ या दोन शब्दांकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधतो. आपल्याकडे कोर्टाचे कामकाज बहुतांशी इंग्रजीत चालते. ज्याचे शिक्षण मराठीतून झाले, ज्याची घरची बोली कोकणी आहे, त्याच्या हाती इंग्रजी कागद देऊन ‘इथे सही कर’ म्हणणे म्हणजे त्याला काही न सांगणेच होय. अशा वेळी शांतपणे म्हणावे, ‘मला हे वाचून, समजावून सांगा’. न समजलेल्या कागदावर सही करू नये. पोलिसांनी तपासात घेतलेल्या जबाबावर तर जबाब देणाऱ्याची सही घ्यायचीच नसते, असे कायदाच सांगतो. आणि पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही.

तपासालाही मुदत आहे. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षे व त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात नव्वद दिवसांत, इतरांत साठ दिवसांत आरोपपत्र आले नाही, तर कोठडीतला आरोपी जामिनाचा हक्कदार होतो. पण तो हक्क मागावा लागतो, आणि आरोपपत्र येण्यापूर्वी मागावा लागतो.

आता आरोपपत्राविषयी. वर्तमानपत्रात ‘अमक्यावर आरोपपत्र दाखल’ असे छापून आले की गावात त्याचा निकाल लागलेला असतो! वस्तुतः आरोपपत्र म्हणजे तपासाअंती पोलिसांनी कोर्टाला दिलेला अहवाल, पोलिसांचे म्हणणे. त्यानंतर मोठ्या गुन्ह्यांत कोर्ट आरोप निश्चित करते, म्हणजे कोणत्या कलमांवर खटला चालवायचा ते ठरवते. पोलिसांनी लावलेले कलम तिथे गळू शकते, नवे येऊ शकते, आरोपच पायाशुद्ध नसेल तर आरोपी तिथेच सुटू शकतो. मग पुरावा, मग निकाल. फिर्याद, आरोपपत्र, आरोपनिश्चिती आणि दोषसिद्धी या चार पायऱ्या आहेत. पहिलीवर उभ्या असलेल्याला चौथीवर नेऊन बसवण्याचे पाप आम्ही पत्रकारही करतो. ते मान्य केलेच पाहिजे.

दोन दारे

आणि आता व्हरांड्यातल्या त्या हितचिंतकाकडे वळू. त्या बांधाच्या भांडणातून बाहेर पडायला दोन सोपी दारे आहेत. दोन्हींतून माणूस त्याच दिवशी घरी जाऊ शकतो. एक दार गुन्हा कबूल करण्याचे. दुसरे दार आपसात मिटवण्याचे. वाट अडवणे, साधी दुखापत, अपमान, धमकी हे चारही गुन्हे फिर्यादीच्या, म्हणजे ज्याला त्रास झाला त्याच्या संमतीने मिटवता येतात, आणि कायदा असे म्हणतो की मिटवण्याचा परिणाम निर्दोष सुटण्यासारखाच होतो. जबर दुखापतीचे ११७(२) सुद्धा कोर्टाच्या परवानगीने मिटते. खटला राज्याच्या नावाने असल्यामुळे वाटेल तो गुन्हा वाटेल तेव्हा मागे घेता येत नाही. हत्याराची दुखापत, बलात्कार, खून ही समाजाविरुद्धची कृत्ये, ती दोघांच्या हातमिळवणीने पुसली जात नाहीत. पण जे मिटण्याजोगे आहे ते मिटवायचे की कबूल करायचे?

हजार रुपयांचा दंड भरून पहिल्या दारातून बाहेर पडणारा दोषी ठरतो, शेजाऱ्याचा हात धरून दुसऱ्या दारातून बाहेर पडणारा निर्दोष. दोघांचाही दिवस तेवढाच गेला. फरक पाच वर्षांनी कळतो. ‘तुम्हाला कधी शिक्षा झाली आहे काय?’ या फॉर्मातल्या प्रश्नापुढे एकाला ‘नाही’ असे लिहिता येते, दुसऱ्याला येत नाही. खोटे ‘नाही’ लिहिले तर आणखी वाईट. लपवाछपवीच नोकरी जाण्याचे कारण होऊ शकते; क्षुल्लक प्रकरण असेल तर मालकाने उदारपणे पाहावे असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली म्हटले खरे, पण उदारपणाची वाट पाहणे हे प्रत्येकाच्या नशिबी कशाला हवे?

खरोखर गुन्हा घडला असेल आणि तो कबूलच करायचा असेल, तर ते करण्यात कमीपणा नाही. प्रामाणिक कबुलीला आमचा विरोध नाही. पण मग वकिलाला ‘परिवीक्षेचा’ कायदा विचारावा. १९५८ च्या त्या कायद्याखाली योग्य प्रकरणात कोर्ट शिक्षा देण्याऐवजी समज देऊन किंवा चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडू शकते, आणि अशा दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता त्याला चिकटत नाही. व्हरांड्यातला हितचिंतक हे सांगत नाही, कारण त्यालाही ते ठाऊक नसते.

वकील परवडत नाही म्हणून कबुली देणे हे तर सर्वांत करुण. १९८७ च्या कायद्यान्वये स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग आणि कोठडीत असलेला कोणीही, यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतर गरिबांना उत्पन्नाच्या मर्यादेत. तालुक्याच्या कोर्टात विधिसेवा समितीकडे साधा अर्ज करायचा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करायचा. ही भीक नव्हे. घटनेच्या ३९-अ कलमाने राज्यावर टाकलेली ती जबाबदारी आहे.

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. प्रत्येक पोलीस ठाण्याच्या दर्शनी भिंतीवर, नेहमीच्या वीस-पंचवीस कलमांचा अर्थ, जामीनपात्र आहे की नाही आणि कमाल शिक्षा, मराठीत आणि कोकणीत रंगवलेली असावी. समन्सच्या पाठीवर दोन ओळींचा मजकूर छापावा : तुम्हाला मोफत वकील मिळू शकतो, आणि गुन्हा कबूल केल्यास तुम्ही दोषी ठरता. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीबरोबर मराठीच्याही शासकीय वापराला जागा दिली आहे. ती जागा फलकांवर आणि पुरस्कारांत खर्च न होता, ज्या कागदावर माणसाचे स्वातंत्र्य अवलंबून आहे त्या कागदावर दिसली पाहिजे. वकील संघटनांनी महिन्यातून एका रविवारी पंचायतीच्या सभागृहात बसावे. खर्च रंगाच्या एका डब्याचा आणि चार रविवारांचा आहे.

आणि वाचकांकडे एकच मागणे. कोर्टाची पायरी चढू नये हे खरेच. पण चढावी लागली तर ती डोळे उघडे ठेवून चढावी. कागदावरचे कलम विचारा, शिक्षा विचारा, मिटते का ते विचारा, आणि मगच तोंड उघडा. व्हरांड्यात कोणी ‘दंड भर आणि मोकळा हो’ असे सांगू लागला, तर त्याला एवढेच विचारा : “मोकळा म्हणजे निर्दोष की दोषी?” त्याला उत्तर आले नाही, तर त्याचा सल्ला तिथेच ठेवून आत जा.